बटण आणि शब्द यांच्या मधे

टेबलाखालच्या कॉम्प्युटरवर एक कागद चिकटवलेला होता : 'हात लावू नका.' कागद पिवळा पडला होता, चिकटपट्टीचे कोपरे उचलले गेले होते, पण हुकूम अजून लागू होता. झाडायला येणारी बाईसुद्धा झाडू तिथून वळवून न्यायची. ऑफिसात त्या यंत्राला सगळे म्हातारबा म्हणत. म्हातारबा धापा टाकायचा, तापायचा, मधूनच घरघरायचा, पण त्याच्यावाचून ऑफिसचं पान हलत नसे. सगळ्यांनी मिळून लिहिलेला प्रोग्राम प्रत्यक्ष चालेल असा बांधून काढायचा, ज्याला ही मंडळी बिल्ड करणं म्हणत, ते काम फक्त म्हातारबालाच जमायचं. दुसऱ्या यंत्रावर करायला जावं तर कधी अक्षरांच्या जागी चौकोन यायचे, कधी निम्मी चित्रं गळायची, कधी काहीच यायचं नाही. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हातारबाला घडवणारा माणूस कधीच नोकरी सोडून गेला होता आणि मागे ठेवून काय गेला, तर तो कागद.

हे भिजत पडलेलं घोंगडं शेवटी सूनबाईच्या गळ्यात आलं.

सूनबाई हे काही तिचं नाव नव्हे. घरात सासूसासरे तशी हाक मारायचे, एकदा नवऱ्याने ऑफिसात फोन करून "सूनबाई आहेत का?" असं थट्टेनं विचारलं, आणि तेव्हापासून तिथेही तेच चिकटलं. बाळंतपणाची रजा संपवून ती परत आली होती. निम्मा दिवस ऑफिस, निम्मा दिवस घरून, ठकू झोपेल तेव्हा. ठकू म्हणजे तिची लेक. नुकती बसायला लागलेली, आणि झोपेच्या बाबतीत कुणाच्या बापाचं न ऐकणारी.

"सूनबाई," ऑफिसचे मालक म्हणाले. ते चाळिशीचे होते पण केस लवकर गेल्यामुळे सगळे त्यांना काका म्हणत. "महिनाअखेरीला आपण नव्या जागेत जातोय. तिथे टेबलं लहान आहेत. म्हातारबाला जागा नाही. भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय मी."

"आणि बिल्ड कोण करणार?"

"म्हणून तर तुला बोलावलं."

पलीकडून शंकासूर हसली. शंकासूर ही तपासणी करणारी मुलगी. दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट शोधायचा पगार घ्यायची आणि सुट्टीच्या दिवशी ते फुकट करायची. "काका, म्हातारबा हलवताना गचकला तर?"

"शुभ बोल गं जरा!"

सूनबाईला काम कळलं होतं, नि नव्हतंही कळलं. करायचं काय ते ठाऊक होतं : कंटेनर. रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं, "म्हणजे नक्की काय?" तो वडिलांचं सलून चालवायचा, दोन खुर्च्यांचं. तिने त्याच्याच भाषेत सांगितलं. "असं समज, तुझी कात्री, तुझा कंगवा, तोच वस्तरा, तोच आरसा, खुर्चीची तीच उंची, सगळं एका मोठ्या डब्यात भरलं. डबा कुठेही नेला, कुणीही उघडला, तरी कट तोच यायला हवा. डबा कसा भरायचा ते लिहून ठेवायचं, आणि ते वाचून कॉम्प्युटरनेच तो भरायचा, त्यानेच कट मारायचा. माणसाचा हातच लागता कामा नये."

"आणि गिऱ्हाईक?"

"काय गिऱ्हाईक?"

"डब्यात सगळं तेच. पण खुर्चीत बसलेलं डोकं वेगळं असणार ना?"

"तू गप जेव," ती म्हणाली. सासूबाई हसल्या. सासरेही हसले असते, पण त्यांचं हसणं आता ऐकू यायचं नाही, फक्त खांदे हलायचे.

बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, घशाचं ऑपरेशन झालं होतं. जीव वाचला, आवाज गेला. आयुष्यभर लोकांच्या डोक्यांवर कात्री आणि कानांवर गप्पा चालवलेला माणूस. त्यांच्या सलूनमध्ये लोक केस नसले तरी यायचे म्हणतात. ऑपरेशननंतर ते मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. कुणी आत गेलं की डोळे मिटून घ्यायचे. सासूबाई ताट ठेवायच्या, तसंच उचलून आणायच्या. "आवाज नाही तर नाही, माणूस तरी राहू दे गं," असं एकदा स्वयंपाकघरात त्या भांड्यांना म्हणाल्या होत्या. सूनबाईने ते ऐकलं होतं.

आणि सूनबाईच्या ऑफिसात बनायची ती बोलकी पाटी. पडद्यावर बटणं, बटणावर चित्र किंवा दोन शब्द, बोट लावलं की वाक्य ऐकू येतं. लॅपटॉप विंडोजचा असो की लिनक्सचा, की हातातला टॅब्लेट असो, सगळीकडे चालायला हवी. आवाज यंत्राचाही घेता येतो, पण आधी बोलून ठेवलं तर माणसाच्या स्वतःच्या आवाजातली वाक्यंही आत घालता येतात. बाबांची वाक्यं तिनेच रेकॉर्ड केली होती, ऑपरेशनच्या आधी, सलूनमध्ये, बाबांचाच हट्ट म्हणून. "घरात बसून मला बोलता येत नाही, हातात कंगवा दे." म्हणून त्या वाक्यांत कामाचीच वाक्यं जास्त होती. 'बसा.' 'किती बारीक?' 'मान सरळ ठेवा, नाहीतर कान गेला तर मला बोलू नका.' सासूबाईंना मारायची हाक होती, 'अहो ऐकलंत का' अशी, कारण बाबा बायकोला अहोजाहो करायचे आणि सासूबाई त्यांना अरेतुरे. का, ते त्या घरातलं एक जुनं कोडं होतं. पोटात असलेल्या ठकूसाठीही त्यांनी एक वाक्य बोलून ठेवलं होतं : 'कोण आलंय? कोण आलंय आमच्याकडे?'

टॅब्लेट हातात आला आणि बाबा भिंतीपासून उठले. हळूहळू जमलं त्यांना. बोट बटणावर टेकवायचे, मान वर करायचे, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचे, तोंड उघडायचे आणि आवाज यायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाबाच बोलतायत. पुन्हा सलूनमध्ये जाऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसायला लागले, गिऱ्हाइकांना टोमणे मारायला लागले. ठकूची तर ती करमणूकच झाली. 'कोण आलंय?' म्हटलं की ती बाबांचं तोंड दोन्ही हातांनी धरायची.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. त्यात सूनबाईने डबा भरायला घेतला.

पहिला डबा भरला. त्यातून प्रोग्राम बांधून काढला, ऑफिसच्या सर्व्हरवर. तोच डबा तिने घरच्या लॅपटॉपवर उघडला, तिथेही बांधला. आता दोन्ही अगदी तंतोतंत एक आहेत की नाही हे बघायला ठसा काढतात; अक्षरांची-आकड्यांची एक लांबलचक ओळ. आत एका स्वल्पविरामाचा फरक असला तरी ठसा पार बदलतो. तिने दोन ठसे शेजारी ठेवले.

वेगळे.

तिसऱ्यांदा बांधला, तिसराच ठसा. त्याच डब्यातून, त्याच यंत्रावर, चहा पिऊन येईपर्यंत.

"हे कसं शक्य आहे?" ती शंकासूरला म्हणाली. "तेच पीठ, तोच तवा, तीच बाई."

"बाई बदलली असेल," शंकासूर म्हणाली. "मघाशी तू झोपेत होतीस."

घोडं कुठे अडलंय ते शोधायला दोन आठवडे गेले. आधी कळलं, प्रोग्राम बांधताना यंत्र आत गुपचूप वेळ लिहून ठेवतं. दर वेळी वेळ वेगळी, म्हणून ठसा वेगळा. तिने डब्यातलं घड्याळ एकाच क्षणी थांबवून टाकलं. मग कळलं, फायली कुठल्या क्रमाने उचलायच्या ते कुणी सांगितलेलंच नव्हतं. सर्व्हर त्याच्या मर्जीने उचलायचा, लॅपटॉप त्याच्या. तिने क्रम बांधून दिला. मग कळलं, ज्या फोल्डरात बसून काम केलं त्याचा पत्ताही आत चिकटून जातो. तो पुसला. एकाला झाकावं तर दुसरं उघडं पडायचं. ठकू झोपली की लॅपटॉप उघडायचा, ठकू उठली की मिटायचा. आणि मधे काय सापडलं होतं ते पुन्हा उघडेपर्यंत डोक्यातून गेलेलं असायचं. एकदा तर तिने जे बिघडलेलं म्हणून सकाळभर शोधलं ते आदल्या दिवशी तिनेच दुरुस्त केलेलं निघालं. तिला स्वतःचाच संशय यायला लागला. बाळंतपणात बुद्धी पाघळते म्हणतात, ते खरं असावं.

शेवटी उरल्या आवाजाच्या फायली. माणसाचं रेकॉर्डिंग मोठं असतं. ते दाबून लहान करायला एक छोटं हत्यार वापरायचे. डब्यात ते हत्यार दर वेळी 'ताजं असेल ते' घेतलं जात होतं, आणि ताजं दर थोड्या दिवसांनी बदलत होतं. तिने त्याची एकच आवृत्ती पक्की केली, सगळ्यात नवी. हेच, दुसरं नाही. बांधलं. ठसे काढले.

एक. सर्व्हरवर, लॅपटॉपवर, शंकासूरच्या यंत्रावर, सगळीकडे तीच ओळ, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या आकड्यापर्यंत. तिने ती ओळ बोट ठेवून वाचली, ठकूला मांडीवर घेऊन. ठकूने स्क्रीन चाटला.

म्हातारबाशी मात्र जुळत नव्हतं. म्हातारबाच्या आवाजाच्या फायली जराशा लांब होत्या. तिने कानात घालून ऐकलं. म्हातारबावरचं हत्यार फार जुनं होतं, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी थोडी शांतता चिकटवायची त्याला खोड होती. नव्या हत्याराला ती नव्हती. बटण दाबलं की शब्द हजर. "फुकटचा कचरा गेला," ती म्हणाली, आणि काकांनी सगळ्यांना आइस्क्रीम दिलं.

नवी आवृत्ती महिनाअखेरीला सगळ्या लोकांना जायची होती. त्याआधी घरी एक चाचणी हवी म्हणून तिने ती बाबांच्या टॅब्लेटवर घातली.

बाबांनी बटण दाबलं. मग दुसरं दाबलं. मग तेच पुन्हा. कपाळावर आठी आली. टॅब्लेट कानाजवळ नेला, लांब धरला, उलटा करून पाठ बघितली. मग तो पालथा ठेवला आणि उठून मागच्या खोलीत गेले.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई. नवीन आहे, सवय होईल."

सवय झाली नाही. दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी सूनबाई चहा घेऊन आत गेली तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून बसलेले होते. तिने पाटी आणि पेन्सिल पुढे केली. "बाबा, काय बिघडलंय ते लिहा ना. मी नीट करते." बाबांनी पेन्सिल घेतली आणि लिहिलं, 'हा माझा नाही.'

"काय तुमचा नाही? आवाज?"

ते 'हो' म्हणाले मानेने, मग 'नाही' म्हणाले, मग हात उडवला. त्यांनाही सांगता येत नव्हतं.

तिने मूळ रेकॉर्डिंग काढलं. नव्या आवृत्तीतला आवाज काढला. एका कानात एक, दुसऱ्या कानात दुसरा. तोच. चढ तोच, उतार तोच, 'बसा'मधला तो किंचित कफसुद्धा तोच. आवाज कमी येतो का? वाढवून दिला. बाबांनी टॅब्लेट पालथा ठेवला. बटणांच्या जागा हलल्या? मोजून बघितल्या, हलल्या नव्हत्या. टॅब्लेटचा स्पीकर फुटला? नवऱ्याचा टॅब्लेट दिला. पालथा.

"तुझ्यावर रुसलेत," सासूबाई म्हणाल्या. "परवा तू त्यांच्या कंगव्याने ठकूचे केस विंचरलेस ना."

"आई, त्यावरून कुणी बोलणं सोडतं का?"

"तुझा सासरा सोडतो. एकदा पानात मीठ वाढायचं राहिलं म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता."

नवरा म्हणाला, "जुनंच परत घाल ना."

"घालता येईल. पण महिनाअखेरीनंतर जुनं बनवायला म्हातारबाच नसेल. आज ना उद्या त्यांना नव्यावर यावंच लागेल." आणि हळूच म्हणाली, "आणि बाबांना बरोबर नाही तर बाकीच्यांना कसं बरोबर असेल? पण चुकलंय काय?"

ऑफिसात शंकासूरने सगळ्या तपासण्या पुन्हा चालवल्या. पडद्यावर खालपासून वरपर्यंत हिरव्या खुणा. "मी तुझ्या कामात खोट काढायला बसलेय," ती म्हणाली, "आणि मला सापडत नाहीये. माझीच नोकरी जाईल."

"पण मग माणूस गप्प का झाला?"

"माणसाचा ठसा नाही काढता येत," शंकासूर म्हणाली, आणि तिलाही तो विनोद होता की नाही ते कळलं नाही.

सूनबाईच्या डोक्याचा पार भुगा झाला. सगळं सगळीकडे सारखं करायला निघालो, सारखं झालं, आणि जे एका ठिकाणी नीट होतं तेच बिघडलं. बरं, बिघडलं म्हणावं तर दाखवता येत नाही. नीट म्हणावं तर मागच्या खोलीत भिंतीकडे बसलंय. अशा वेळी माणसाने कुणावर रागवावं? ती स्वतःवर रागावली, कारण तीच हाताशी होती.

शनिवार होता. भंगारवाला दुपारी येणार होता, आणि काका सामान बांधायला सकाळपासून ऑफिसात होते. घरात सासूबाईंनी युक्ती केली. ठकूला त्यांनी उचललं आणि मागच्या खोलीत बाबांच्या समोर, पलंगावर नेऊन बसवलं. "आता हिच्याशी बोलू नकोस बघू," म्हणाल्या आणि दारात उभ्या राहिल्या. सूनबाई त्यांच्या मागे, खांद्यावरून डोकावत.

बाबांनी नातीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग नाइलाजाने टॅब्लेट ओढला, त्यावर बोट टेकवलं.

'कोण आलंय? कोण आलंय आमच्याकडे?'

ठकू हसली. खूप हसली. आणि दोन्ही हातांनी तिने टॅब्लेट धरला.

बाबांनी मान वर केली, तोंड उघडलं. पण वाक्य तोवर संपलं होतं. ठकू त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती टॅब्लेटवर थापट्या मारत होती, पुन्हा बोल, पुन्हा बोल. बाबांचं उघडं तोंड तसंच राहिलं क्षणभर. मग मिटलं.

"आई," सूनबाई म्हणाली. "आई, ती आधी कुठे बघायची?"

"कोण?"

"ठकू! बाबा बोलले की ती कुठे बघायची?"

"त्याच्या तोंडाकडे. तोंडात बोटं घालायची. का गं?"

सूनबाईने कपाळावर हात मारला. बोट टेकवायचं, मान वर करायची, डोळ्यांत बघायचं, तोंड उघडायचं, आणि मग शब्द. एवढं सगळं मावायला जागा लागते. ती जागा म्हातारबाची खोड होती, आणि तिने ती कचरा म्हणून झाडून टाकली होती. जन्मभर हा माणूस आरशात बघून बोलला. गिऱ्हाइकाची नजर आरशात भेटली की मगच बोलायचं, अशी त्यांची रीत. आता शब्द आधी येत होता आणि बाबा मागून, स्वतःच्याच वाक्यामागे धावत आल्यासारखे. बघणारा वळायचा टॅब्लेटकडे. बोलायचा टॅब्लेट. बाबा फक्त बटण दाबणारे.

तिने फोन उचलला. काकांनी उचलला तो धापा टाकत.

"काका, म्हातारबा कुठाय?"

"दारात. भंगारवाला आत्ताच आला, उचलतोय. काय जड आहे गं हा! यात काय दगड भरलेत?"

"हात लावू नका!"

"काय?"

"कुणीही हात लावू नका म्हणजे नका! त्याला आत घ्या, वायर जोडा, मी येतेय."

"अगं, माणूस एवढ्या लांबून आलाय टेम्पो घेऊन..."

"त्याला चहा पाजा. आणि माझं आइस्क्रीम परत घ्या."

ठकूला तिने तसंच कडेवर घेतलं, कारण आता सासूबाईंकडे ठेवली तर दूध पाजायला पुन्हा घरी यावं लागलं असतं. ऑफिसात खोकी, वायरींचे भेंडोळे, आणि खोक्यांवर बसून चहा पिणारा भंगारवाला. म्हातारबाची वायर जोडली. त्याने घरघर केली, थांबला, सगळ्यांचे श्वास थांबले, मग पुन्हा घरघर केली. "शुभ बोल गं," काका कुणी काही बोललेलं नसताना म्हणाले.

जुनं हत्यार बाजारात कुठेच मिळत नव्हतं, म्हातारबाच्या पोटात होतं. तिने ते जसंच्या तसं उचललं आणि डब्यात भरलं. डबा सर्व्हरवर उघडला, बांधला. आवाजाच्या फायलींचे ठसे काढून म्हातारबाच्या ठशांशेजारी ठेवले.

जुळले. पहिल्यांदाच जुळले. तिला हसावं की रडावं कळेना. ठकूला भूक लागली होती, ती रडलीच.

"थांब," शंकासूर म्हणाली. खोकी बांधायला म्हणून ती आली होती, आणि खोट दिसली की तिचे डोळे चमकायचे. "म्हणजे आपण एक चूक जपून ठेवतोय का? जुन्या यंत्राची खोड, ती आता मुद्दाम करायची?"

"माहीत नाही."

"मी पाटी वापरणाऱ्या दोघांना फोन केलाय आत्ता. एक बाई म्हणाली, शब्द उशिरा येतो, तिचा जीव जातो. दुसरे म्हणाले, असं काही असतं हेच त्यांना माहीत नव्हतं. मग बरोबर कुठलं?"

सूनबाईने ठकूला दुसऱ्या कडेवर घेतलं. महिनाभर ती ठसे जुळवत होती, पण कशाशी जुळवायचं हे कुणी तिला सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. नवऱ्याने जेवताना विचारलं होतं. तिने त्याला गप जेव म्हटलं होतं.

"शांतता डब्यात नको," ती शेवटी म्हणाली, अजून खात्री नसल्यासारखी. "म्हणजे हत्यार नवंच राहू दे. म्हातारबाची ही शांतता बाबांपुरती चालेल, पण सगळ्यांना नको. शांतता माणसाला मागू दे. बटण आणि शब्द यांच्या मधे किती जागा हवी ते ज्याचं त्याने ठरवायचं. ती माणसाच्या नावापुढे लिहून ठेवायची, म्हणजे कुठल्याही यंत्रावर बांधलं तरी तेवढीच येईल."

"आणि तपासणी?"

"तीही तुलाच लिहायची आहे."

"वाटलंच मला," शंकासूर म्हणाली.

भंगारवाल्याने कप खाली ठेवला. "मग हे न्यायचं का नाही, साहेब?"

काकांनी सूनबाईकडे बघितलं. तिने म्हातारबाकडे. "आज नका नेऊ," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी या." तेही तिने का म्हटलं ते तिला नीट सांगता आलं नसतं.

त्या आठवड्यात ते झालं. सेटिंगमध्ये एक पट्टी आली, बोटाने मागेपुढे सरकवायची. सूनबाईने टॅब्लेट बाबांपुढे ठेवला. "बाबा, मी एक आकडा धरलाय, म्हातारबाकडे होता तोच. तुम्ही बघा."

बाबांनी बटण दाबलं. मान वर केली. 'बसा' आला. त्यांनी हात हलवला : नाही.

"कमी?"

हो.

"पण आधी एवढाच होता!"

त्यांनी खांदे उडवले. मग पट्टीवर बोट ठेवून स्वतःच थोडी पुढे ढकलली, पुन्हा दाबलं, पुन्हा ढकलली. खुर्चीची उंची गिऱ्हाइकागणिक लावतात तसं, डोळे बारीक करून. म्हातारबाच्या खोडीपाशी ते थांबले नाहीत. तेवढ्यावर त्यांनी इतके दिवस फक्त चालवून घेतलं होतं, हे तिला आत्ता कळत होतं. म्हणजे तेही बरोबर नव्हतं तर. म्हणजे ती ज्याला मूळ म्हणून जपायला धावली होती तेच. तिचं डोकं पुन्हा गरगरायला लागलं, आणि तिने ते गरगरू दिलं.

सासूबाई ठकूला घेऊन आल्या, समोर बसवलं. ठकूने लगेच टॅब्लेटकडे हात पसरले. आठवडाभरात ती त्यालाच आजोबा समजायला लागली होती.

बाबांनी टॅब्लेट मांडीआड घेतला. आत बोट टेकवलं. मान वर केली आणि थांबले. ठकूही थांबली. तिने मांडीकडे बघितलं, तिथे काही नव्हतं. मग वर बघितलं, कारण वर एक तोंड हळूहळू उघडत होतं.

'मान सरळ ठेवा, नाहीतर कान गेला तर मला बोलू नका.'

"अरे, चुकीचं दाबलंस!" सासूबाई ओरडल्या. "बाळाला काय बोलतोस!"

बाबांचे खांदे हलायला लागले. ठकूने दोन्ही हातांनी त्यांचं तोंड धरलं आणि आवाज कुठून येतो ते बघायला आत बोट घातलं. सूनबाई पट्टी किती सरकलीय ते बघायला वाकली, आकडा तिला लिहून घ्यायचा होता. पण बाबांनी टॅब्लेट आणखी मागे ओढला, दुसरं बटण शोधलं, आणि मान वर करून सूनबाईकडे बघितलं. ती वाट बघत राहिली.